आधी वारा, मग भाऊ

आबा, काल तुमचं तेरावं झालं. गावाकडची मंडळी आज सकाळच्या पॅसेंजरने परत गेली, दादा-वहिनी कतारगामला त्यांच्या घरी गेले, आणि सुरतेतल्या डिंडोलीच्या या दोन खोल्यांत मी आणि आई अशा दोघीच उरलो. भाड्याच्या खुर्च्या अजून जिन्यात रचून ठेवल्या आहेत. न्यायला येतो म्हणणारा माणूस आलेला नाही. तुम्ही असतात तर एव्हाना त्याला फोन करून, फौजेतली हिंदी ऐकवून मोकळे झाला असतात.

समाजाच्या अंकात तुमच्यावर चार ओळी द्यायच्या आहेत. दादा म्हणाला, "तू मास्तरीण आहेस, तूच लिही." काल जेवणाआधी लोक तुमच्याविषयी बोललेच. फौजेत नोकरी केली, मग हजिऱ्याला केली, कधी कुणाशी तंटा नाही, नाकासमोर चालणारा माणूस. सगळं खरं होतं आणि त्यात तुम्ही कुठेच नव्हता. तंटा नाही म्हणे! माझ्याशी तुम्ही रोज एक तरी करायचात. तेव्हा मी ते सगळं सांगत बसणार नाही. मला तुमच्याशी भांडायचं आहे.

कशावरून ते आधीच सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, "मुद्द्यावर ये." उकाई धरणाच्या पाण्याकाठी तुम्ही पडलात तेव्हा मी लगेच धावले नाही. मी उभी राहिले आणि वारा कुठून येतो ते बघितलं. तुम्ही शिकवलं होतंत म्हणून बघितलं. हे मी आईला सांगितलं, आणि तेव्हापासून आई माझ्याशी एक शब्द बोललेली नाही. दुःखात माणूस गप्प होतं हे मला कळतं. पण ती दादाशी बोलते, शेजारणीशी बोलते, दूधवाल्याला उद्यापासून अर्धाच लिटर म्हणून सांगते. फक्त माझ्याशी नाही. मी वाढलेलं ती मुकाट जेवते आणि ताट उचलून आत जाते.

आता कुणी परका हे वाचेल तर त्याला मी वेडी वाटेन. बाप पडला आणि ही वारा काय बघते? म्हणून त्याच्यासाठी सांगते, तुम्ही कंटाळू नका.

फौजेतून सुटून तुम्ही हजिऱ्याला लागलात ते मी जन्मायच्या आधी. समुद्राखालून आलेला गॅस तिथे साफ करतात. त्या प्लांटाला आपण घरात सरळ रिफायनरी म्हणायचो. गॅसाबरोबर एक विषारी वायू येतो. थोडा असला तर सडक्या अंड्यांचा वास येतो, आणि जास्त झाला की वास येणंच थांबतं, कारण नाक मरतं. माणसाला वाटतं, चला, गेला वास. तो खाली बसतो तो परत उठत नाही. त्याला पडलेलं बघून त्याच्या जिवाभावाचा कुणी धावतो आणि त्याच्याच अंगावर पडतो. म्हणून तिथे कुणी पडलं तर धावायचं नाही. आधी उंच खांबावर बांधलेल्या कापडी नळीकडे बघायचं, वारा कुठून कुठे जातोय ते ठरवायचं, तोंडाला मास्क लावायचा, आणि वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूने वळसा घालून जायचं. एवढं सगळं तुम्ही चार शब्दांत बसवलं होतं. आधी वारा, मग भाऊ.

प्लांटातली गोष्ट प्लांटात ठेवावी, पण तुमचं तसं नव्हतं. मी दुसरी-तिसरीत असेन. रात्रपाळी करून आलेले तुम्ही दुपारी उठायचात आणि मी शाळेतून यायच्या वेळेला स्वयंपाकघराच्या दारात आडवे व्हायचात. जीभ बाहेर, डोळे वर. मी "आबा!" म्हणून धावत यायचे. तुम्ही पडल्या पडल्या म्हणायचात, "तू पण मेलीस. आता दोन मढी झाली. परत जा, परत ये." मी पुन्हा दप्तर पाठीला लावून बाहेर जायचे आणि पुन्हा आत यायचे आणि पुन्हा धावायचे. तुम्ही खरोखर रागवायचात. "किती वेळा सांगितलं? धावायचं नाही म्हणजे नाही!" मला रडू फुटायचं, कारण पडलेल्या बापाकडे न धावणं लहान पोरीला जमत नाही हो. एकदा मात्र जमलं. मी दारात थांबले, देवापुढच्या उदबत्तीचा धूर कुठे जातो ते पाहिलं, आणि पलंगावर चढून दुसऱ्या बाजूने तुमच्यापाशी उतरले. तुम्ही उठून बसलात आणि मला कडक सलाम ठोकलात. मी दिवसभर हवेत होते.

आईला तो खेळ अजिबात खपायचा नाही. तुम्ही आडवे झालात की ती हातातलं काम टाकून बाहेर पडायची. "घरमा मरानं सोंग कसाले?" एवढंच म्हणायची आणि शेजारणीकडे जाऊन बसायची. तिला अपशकून वाटत असेल असं मी धरून चालले होते.

आणि मग ते तुमच्या अंगातच मुरलं. कुठल्याही मांडवात शिरलात की आधी पताका कुठे उडतायत ते बघणार. दादाच्या हळदीला जनरेटर कुठे ठेवलाय ते पाहून तुम्ही नवरदेवाच्या मामालाच तो हलवायला लावलात. धूर बायकांच्या पंगतीवर येत होता हे खरं, पण भर हळदीत मामाच्या नव्या शर्टाला तेल लागलं ते मामा अजून विसरलेले नाहीत. काल श्रीखंड वाढून घेताना त्यांनी ते पुन्हा काढलं. सगळे हसले. मीसुद्धा हसले, आणि हसता हसता आईकडे बघितलं तर ती खाली मान घालून बसली होती.

तुमच्या रानाविषयीही लोक बोलले. "फौजी सुट्टीला घरी सापडायचा नाही," असं. खरंच नाही सापडायचात. सुट्टी रविवारी असो की मधल्याच वारी, उजाडायच्या आत गाडीला किक. पाठीवर फौजेतली पिशवी, गाडीला बांधलेली गळाची काठी, आणि काळी ठिक्कर पडलेली किटली. कधी व्याऱ्याच्या पुढे, कधी डांगात, आणि सगळ्यात जास्त उकाईच्या फुगवट्यावर. आईच्या गळ्यात माळ, त्यामुळे मासळी घरात यायची नाही. तुमची माशाची कढई गॅलरीत, पाण्याच्या टाकीमागे, वाळीत टाकल्यासारखी पालथी असायची. घरात जागा नसलेल्या त्या कढईत नदीकाठी तुम्ही जे कालवण करायचात त्याची चव मला दुसरीकडे कुठेच मिळाली नाही. मीठ कायम जास्त, आणि मी तसं म्हटलं की तुम्ही म्हणायचात, "फौजेत चाल, मग कळी मीठ काय शे ते."

मला तुम्ही बरोबर न्यायला लागलात तेव्हा चाळीत कुजबुज झाली. पोरीला कुठे रानावनात नेता, पोराला न्या. दादाला डास चावायचे आणि उन्हाने त्याचं डोकं दुखायचं, त्यात त्याचा काय दोष? तुम्ही सगळ्यांना एकच उत्तर द्यायचात, "ती चालस, म्हनीसन नेस." चालायचेच मी. तुमच्या मागून, तुमच्या बुटांच्या ठशांत पाय टाकत. तिथे आपण फारसं बोलायचो नाही. गळ टाकून बसलात की तुमचा चेहरा सैल पडायचा. घरी तसा कधी दिसायचा नाही. फौजेतलंही तुम्ही काही सांगितलं नाहीत, बर्फात अंघोळ कशी चुकवायची तेवढं सोडून. मी विचारायचे, "आबा, तुम्ही इथे येऊन काय बघता?" तुम्ही म्हणायचात, "काही नही. म्हनीसन तर येस."

लग्न करायचं नाही असं मी ठरवलं तेव्हा घरात रडारड झाली. वहिनीने माझ्यासाठी कुठल्या कुठल्या देवाला नवस बोलले. तुम्ही गळाला गांडूळ लावता लावता एकदाच विचारलंत, "पक्कं?" मी म्हटलं, "पक्कं." "बरं," म्हणालात आणि पुन्हा कधी विषय काढला नाहीत. नातेवाइकांना काय सांगून गप्प केलंत ते मला आजही माहीत नाही. त्याबद्दल मी तुमचे आभार मानायचे राहून गेले. बापाचे आभार मानायची आपल्यात रीत नाही, ही काही चांगली रीत नव्हे.

मग तुमच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, हळूहळू चाला, एकटे लांब जाऊ नका. दादाने त्याचा सरळ अर्थ लावला आणि गाडीची चावी कतारगामला नेऊन ठेवली. तुम्ही गॅलरीत खुर्ची टाकून बसायला लागलात. समोरच्या कापडाच्या कारखान्यातले लूम दिवसभर खडखडत आणि तुम्ही तिकडे तोंड करून बसलेले. जेवण कमी झालं. टीव्हीवर काय चाललंय ते विचारलं तर सांगता यायचं नाही. मी ते बघत राहिले, आणि एक दिवस कतारगामला जाऊन दादाशी भांडून चावी आणली. म्हटलं, मी नेते, मी चालवते, एकटे कुठे जातायत? आई त्या भांडणात कुणाच्याच बाजूने बोलली नाही. दर खेपेला दशम्या आणि ठेचा बांधून द्यायची, तेवढंच.

तुम्ही तरी कुठे खूश होतात? "माले राखन नको," म्हणायचात. मी म्हणायचे, "राखण नाही, ड्रायव्हर आहे." "ड्रायव्हर इतकी बडबड करत नही." पिशवी कोणी उचलायची यावरून दर वेळी ओढाताण. मी पुढून ओढायचे, तुम्ही मागून. शेवटच्या दिवशी पिशवी तुम्ही नेलीत. मला वाटतं, तुम्हाला जिंकू द्यावं असं त्या दिवशी मला वाटलं होतं.

त्या सकाळी पाणी बरंच उतरलेलं होतं. काठाचा ओला गाळ, त्यावर गवत, आणि पुढे ते भलंमोठं पाणी. तुम्ही पिशवी खाली टाकलीत आणि नेहमीचं वाक्य म्हणालात, "हे आपल्या गावचं पाणी." तापी आपल्या गावावरून येते हे कबूल. पण मीही नेहमीसारखी आडवी गेले. म्हटलं, "आबा, मधे किती नद्या मिळाल्या, किती ओढे मिळाले. गावचं काय राहिलं त्यात?" तुम्ही किटली उचललीत, माझ्याकडे वळून बघितलंत आणि म्हणालात, "तू सुरतमा जन्मनी. तुनामा गावनं काय ऱ्हायनं?" आणि हसत पाण्याकडे उतरलात. मला उत्तर सुचलं होतं, आबा. मी म्हणणार होते, राग आला की माझ्या तोंडून अहिराणीच निघते, शाळेत पोरं घाबरतात, ते गावचं नाही तर कुठलं? तुम्ही वर आलात की म्हणणार होते.

तुम्ही पाण्याशी वाकलात आणि तसेच पुढे आडवे झालात. आवाज किटलीचा आला, तुमचा आला नाही.

आणि मी उभी राहिले. विचार केला असं नाही. पाय थांबले. माझी नजर तुमच्यावरून उठून गवताकडे गेली. गवत माझ्याकडे वाकत होतं, म्हणजे वारा तुमच्याकडून माझ्याकडे येत होता, म्हणजे सरळ जायचं नव्हतं. मी डावीकडे वळले. उघड्या पाण्याच्या काठावर, जिथे कोसभर गॅसचं नाव नाही, तिथे मी तुमच्यापर्यंत वळसा घालून जायला निघाले होते. थोडी गेल्यावर कुठेतरी डोक्यात उजेड पडला आणि मग मी धावले. चिखलात पडले, उठले, तुम्हाला उताणं केलं, हाका मारल्या. डोळे उघडे होते. होडीत जाळं आवरणारा एक माणूस आला, त्याने आणि मी तुम्हाला गाडीपर्यंत आणलं, दोघांच्या मधे धरून सोनगडला नेलं. सोनगडच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावून बघितलं आणि म्हणाले, "इथे आणायच्या आधीच गेले, बेन. पडले तेव्हाच गेले असतील."

असतील. म्हणजे नसतीलही. ज्या वेळात मी गवत बघत होते त्या वेळात तुम्हाला कळत होतं का? तुम्ही माझी वाट बघत होतात का? की तुम्ही मनात म्हणत होतात, शाब्बास, आधी वारा? सांगा ना. हेच माझं भांडण आहे. तुम्ही मला कुठे थांबायचं ते शिकवलंत, आणि कुठे थांबायचं नाही ते शिकवायचं विसरलात.

स्मशानातून आल्यावर दादा म्हणाला, "मी चावी काढून घेतली होती. तू परत आणलीस." रडत म्हणाला. मी त्याला उलट बोलले नाही. त्याचा बाप त्याला अजून काही वर्षं खुर्चीत बसलेला चालला असता, मला चालत नव्हता. दोघांचंही प्रेमच होतं, पण हे त्याला सांगायची ती वेळ नव्हती. नातेवाइकांमध्ये मात्र ते वाक्य फिरलं. पाणी प्यायला आत गेले की बाहेर आवाज खाली यायचा. त्याचं मला फार लागलं नाही. लोकांचं काय, उचलली जीभ लावली टाळ्याला.

वाऱ्याचं मी फक्त आईला सांगितलं. राख सावडून आलो त्या दुपारी ती गहू निवडत बसली होती. मी शेजारी बसले आणि सगळं सांगितलं, गवतापर्यंत. तिचे हात थांबले. "काय करं तू?" तिने विचारलं. मी म्हटलं, "थांबले. वारा बघितला." तिने ताट बाजूला सारलं, उठली आणि गॅलरीत जाऊन तुमच्या त्या पालथ्या कढईपाशी उभी राहिली. किती तरी वेळ. वळून बघितलं नाही. तिच्या नवऱ्याचा जीव जात असताना तिची पोरगी गवत बघत उभी होती, आणि आता ती तिच्यासमोर कुठल्या तोंडाने बसते, असंच तिच्या पाठीकडे बघून मला वाटलं. दादाचं बोलणं मी गिळलं, पण आईचं न बोलणं मला गिळता येत नाही, आबा. तुम्ही गेलात. तीही अशी गेली तर मी या घरात कुणाची?

काल एक म्हातारी आली होती. पांढरा साडला, काठी, बरोबर जावई. गुजराती. मी तिला कधी पाहिलेलं नव्हतं. बारडोलीकडून आल्याचं जावयाने सांगितलं. ती तुमच्या फोटोपुढे हात जोडून उभी राहिली, मग आईच्या शेजारी खाली बसली आणि तिने आईचा हात हातात धरला. दोघी खूप वेळ हळूहळू बोलत होत्या. मी पाणी घेऊन गेले तर दोघी गप्प झाल्या. म्हातारीने माझ्याकडे वर बघितलं, माझ्या गालावरून हात फिरवला आणि न जेवता निघून गेली. मी आईला विचारलं, कोण होत्या? आई उठून आत गेली.

इथवर लिहून झालं होतं, आबा. तेवढ्यात आईने आतून हाक मारली. नाव घेऊन मारली. "वैशू, आठे ये. बस."

मी जाऊन बसले. ती पलंगाच्या कडेला होती. तिने पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "ती काल उनी व्हती ना, ती रमणभाईनी बायको. सविताबेन."

रमणभाई कोण, मी विचारलं. हे नाव या घरात मी कधीच ऐकलं नव्हतं. आणि मग आईने जे सांगितलं ते मी माझ्या भाषेत लिहिते, कारण तिचं तिच्या भाषेत लिहायला माझा हात धजत नाही. रमणभाई तुमचा जोडीदार, एकाच शिफ्टचा, एकाच डब्यात जेवणारा. दादा बालवाडीत होता, माझा अजून पत्ता नव्हता. एका पहाटे तुमच्या प्लांटात एक कामगार पडला. तुम्ही आणि रमणभाई दोघं बरोबर होतात. दोघांनीही त्याला एकदमच बघितलं.

"रमणभाई पयना," आई म्हणाली. "त्या थांबनात."

रमणभाई धावला, तुम्ही थांबलात. वारा बघितलात, मास्क लावलात, वळसा घालून गेलात. नियमाप्रमाणे. तोवर रमणभाई त्या कामगाराच्या अंगावर पडलेला होता आणि दोघंही गेले होते. साहेबांनी तुमची पाठ थोपटली. बाकीच्यांना सांगितलं, असं वागायचं असतं. तुम्ही घरी आलात ते बूट न काढता दारात बसलात, आणि आईने पुढे ठेवलेला चहा संध्याकाळपर्यंत तसाच राहिला. मग तुम्ही बारडोलीकडे त्याच्या घरी गेलात. सविताबेनने सगळ्यांच्या देखत तुम्हाला विचारलं, "तमे ऊभा रह्या?" तुम्ही उभे राहिलात? एवढंच विचारलं. तिथून तुम्ही घरी आला नाहीत, दोन दिवस कुठल्या तरी रानात होतात. त्याआधी तुम्ही सुट्टीच्या दिवशी झोपायचात म्हणे. रान त्यानंतर सुरू झालं.

आईला तुम्ही शपथ घातलीत की हे पोरांना कळता कामा नये. तिने ती पाळली. मी तिला गवताचं सांगितलं तेव्हा तिला मी दिसलेच नाही, ती म्हणाली, बूट घालून दारात बसलेले तुम्ही दिसलात. माझ्याशी एक शब्द बोलली असती तरी सगळं तोंडाबाहेर पडलं असतं. आणि शपथ घालणारा गेला की शपथ सुटते का, हे तिला कुणाला विचारताही येत नव्हतं. काल तिने सविताबेनलाच विचारलं. सविताबेन म्हणाली, पोरीला सांगून टाक. आणि म्हणाली, "एमनो कोई वांक नहोतो." त्यांचा काही दोष नव्हता. ते वाक्य सांगायला ती इतकी वर्षं निघायचं म्हणत होती, आज जाऊ, उद्या जाऊ, कुठल्या तोंडाने जाऊ. निघाली ती तुमच्या तेराव्याला.

ते ऐकायला तुम्ही नव्हता, आबा. याचं मला जेवढं वाईट वाटतं तेवढं कशाचंच वाटत नाही.

आणि मला वाटायचं तो दुपारचा खेळ माझ्यासाठी होता. तुम्ही दारात पडायचात, मी धावायचे, आणि तुम्ही लालबुंद होऊन ओरडायचात, धावायचं नाही म्हणून सांगितलं ना! एवढ्याशा पोरीवर माणूस इतका का चिडतो ते मला कधी कळलं नव्हतं. तुम्ही माझ्यावर चिडतच नव्हता. तुम्ही रमणभाईवर चिडत होतात.

मी आईला म्हटलं, "पण इथे गॅस नव्हता, आई. इथे मी धावायला हवं होतं."

तिने माझं डोकं ओढून मांडीवर घेतलं. किती वर्षांनी घेतलं. म्हणाली, "त्या दिन त्या थांबनात म्हनीसन तू शे. आते रड."

मी रडले. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा रडले, आणि आई माझ्या केसांतून बोटं फिरवत राहिली. आता ती चहा टाकते आहे. मला म्हणाली, दूध कमी आहे, चालेल ना? चालेल म्हटलं.

आबा, हे सगळं तुम्ही एकट्याने वागवलंत. रोज त्याच बसमधून त्याच गेटावर गेलात, रिटायर होईपर्यंत. मी तुमच्या शेजारी तासन्‌तास पाण्याकडे बघत बसायचे, कधीतरी सांगायचं होतंत. मी लहान होते तेव्हा नाही, पण नंतर. मी काही सविताबेन नव्हते. मी तुमची, ज्यांच्यासाठी तुम्ही घरी परत आलात त्यांच्यातली होते. सविताबेनला उशीर झाला, मलाही झालाच, आणि हे तुमच्यापर्यंत पोचायची काही वाट नाही हे मला कळतं. तरी सांगते. बरं केलंत, आबा. थांबलात ते बरं केलंत.